अ‍ॅव्हलॉनचा गायक जॉन हर्ट

थोर पुरुषांचीं चरित्रें म्हटलीं कीं रणांगणें, राजसभा आणि प्रयोगशाळा वाचकांच्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. आज ज्या गृहस्थाचा परिचय आम्ही आमच्या विद्यार्थिवर्गास व त्यांच्या वडीलमंडळींस करून देणार आहों, त्याच्या आयुष्यांत यांपैकीं कांहींच नव्हतें. त्याचा बहुतेक जन्म कापसाच्या शेतांत आणि गुरांच्या मागें गेला. शाळा त्यानें लहानपणींच सोडली, संगीताचे धडे त्यास कोणी दिले नाहींत, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर तो उभा असतां त्याच्या घरांत स्वतःच्या मालकीचें वाद्यसुद्धां उरलें नव्हतें. असें असूनही अमेरिकेंतील गिटारवादकांत त्याचें नांव आज फार आदरानें घेतलें जातें. मिसिसिपी जॉन हर्ट हें तें नांव होय. त्याच्या चरित्रांत एक मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. त्याच्या गांवाचें नांव त्याच्याच एका गाण्यांत स्पष्ट सांगितलेलें होतें, तें गाणें तबकडीवर उतरून बाजारांत विकलेंही गेलें होतें, आणि तरीसुद्धां जगास त्याच्या दारापर्यंत पोंचावयास चौतीस वर्षें लागलीं.

हर्ट ज्या प्रकारचीं गाणीं गात असे त्यांस सामान्यतः ब्लूज असें म्हणतात. हा शब्द आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस नवा असेल, म्हणून त्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या लोकांस कित्येक पिढ्या गुलामगिरींत ठेवण्यांत आलें. १८६५ सालीं तेथील यादवी युद्ध संपलें व गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. परंतु मुक्त झालेल्या या कृष्णवर्णीय लोकांजवळ जमीन नव्हती. ते जुन्याच मालकांच्या शेतांवर अर्धेलीनें राबूं लागले. बियाणें, अवजारें, किराणा हें सारें दुकानांतून उधार यावयाचें आणि सुगीनंतर हिशेब झाला म्हणजे कुळाच्या हातीं बहुधा कर्जच उरावयाचें. अशा लोकांच्या शेतांतील हाका, मजुरांचीं ठेक्याचीं गाणीं आणि त्यांच्या प्रार्थनामंदिरांतील भजनें यांच्या मिश्रणांतून विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास हा गीतप्रकार आकारास आला. एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीनें तिला उत्तर द्यावयाचें, अशी त्याची एक ठराविक बांधणी असते. विषय म्हणाल तर विरह, प्रवास, दारिद्र्य, तुरुंग, महापूर. दुःखाचें गाणें असें त्याचें वर्णन पुष्कळजण करितात, पण त्या दुःखाची थट्टाही त्यांत तितकीच असते. हर्टच्या पोतडींत मात्र केवळ ब्लूज नव्हते. ब्लूजच्याही पूर्वीचीं लांबलचक कथागीतें, नाचाच्या चाली आणि धार्मिक पदें हीं सर्व त्याला मुखोद्गत होतीं.

मिसिसिपी संस्थानाच्या कॅरोल परगण्यांत टिऑक नांवाच्या वस्तींत १८९३ च्या सुमारास जॉनचा जन्म झाला. तो लहान असतांनाच त्याचें कुटुंब जवळच्या अ‍ॅव्हलॉन या गांवीं येऊन राहिलें. कापसाचें तें प्रसिद्ध सपाट मैदान, ज्यास तिकडे डेल्टा म्हणतात, जेथें संपतें आणि टेंकड्यांस प्रारंभ होतो, त्या सीमेवर हें गांव वसलें आहे. गांव तरी कसलें! एक दुकान, विखुरलेलीं थोडीं घरें आणि चहूंकडे शेतें.

त्या काळीं विल्यम हेन्री कार्सन नांवाचा गिटार वाजविणारा एक गृहस्थ अधूनमधून हर्टच्या घरीं मुक्कामास येत असे. त्याचें तें वाद्य पाहून लहानग्या जॉनला दुसरें कांहीं सुचेनासें होई. परंतु मागून तें मिळण्यासारखें नव्हतें. मग रात्रीं सारीं माणसें झोपीं गेलीं म्हणजे हा पोर हळूच उठे, कार्सनची गिटार उचली आणि कोणास जाग येणार नाहीं अशा बेतानें तिच्या तारांवरून बोटें फिरवीत बसे. दुसऱ्याच्या वस्तूस न विचारतां हात लावूं नये असें आम्ही वर्गांत नेहमीं सांगतों, आणि या उदाहरणानें तो नियम रद्द झाला असें कोणी विद्यार्थ्यानें समजूं नये! पुढें तो नऊ वर्षांचा असतां त्याच्या आईनें दीड डॉलर देऊन त्याच्यासाठीं एक जुनी गिटार विकत घेतली. शेतावर राबणाऱ्या त्या बाईस दीड डॉलर म्हणजे कांहीं थोडी रक्कम नव्हे. शाळा चार-पांच इयत्तांवरच थांबली आणि जॉन शेतावर जाऊं लागला. गिटार मात्र सुटली नाहीं.

त्याच्या वादनाची रीत येथें जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण त्याची सारी कीर्ति तिच्यावरच उभी आहे. गिटारीस सहा तारा असतात. हर्टच्या उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या जाड तारांवर आळीपाळीनें पडत राही, अगदीं घड्याळाच्या लंबकासारखा, आणि त्यानें ठेका धरला जाई. तर्जनी व मध्यमा हीं दोन बोटें त्याच वेळीं पातळ तारांवर गाण्याची चाल छेडीत. ही चाल दर वेळीं ठेक्याबरोबर पडत नसे. कधीं अंमळ आधीं, कधीं अंमळ मागाहून येऊन ती ठेक्याशीं लपंडाव खेळे. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच हातानें तबलजी आणि सतारिया या दोघांचें काम चाले. डोळे मिटून ऐकणारास दोन वाद्यें वाजत आहेत असाच भास होतो. या दोहोंच्या वर त्याचा आवाज. डेल्टांतील बहुतेक गायक उंच स्वरांत, घसा ताणून गात आणि तारांवर जोरानें आघात करीत. नाचणाऱ्यांच्या गलबल्यांतून ऐकूं जावयाचें तर त्यांस तसें करणें भाग होतें. हर्टचा आवाज मृदु, ओसरीवर बसून शेजाऱ्याशीं बोलावें तसा. ज्या वादकानें आपला पहिला अभ्यास घरचीं माणसें झोपलीं असतां, कोणाची झोंप मोडूं नये या काळजीनें केला, त्याचें वादन जन्मभर असेंच हळुवार राहिलें असावें, अशी आमची आपली एक समजूत आहे.

तारुण्यांत तो शेजारपाजारच्या गांवांत शनिवारीं रात्रीं नाचाच्या बैठकींत वाजवी आणि सोमवारीं पुन्हां नांगर धरी. मध्यंतरीं कांहीं महिने त्यानें रेल्वेचे रूळ बसविणाऱ्या टोळींत काम केलें. तेथें मजुरांच्या तोंडून त्यानें जॉन हेन्रीच्या कथेचें एक गाणें उचललें. जॉन हेन्री हा दंतकथेंतील कृष्णवर्णीय मजूर. वाफेच्या यंत्राशीं पैज लावून त्यानें हातोड्यानें खडक फोडला, पैज जिंकली आणि तेथेंच प्राण सोडला. इतर गवयी या वीराच्या पराक्रमाचें वर्णन करितात. हर्टच्या गाण्यांतला मजूर निराळाच आहे. ज्या हातोड्यानें त्या वीराचा जीव घेतला त्याच्यापायीं आपलाही जीव द्यावा हें त्याला पटत नाहीं. तो हातोडा परत पाठवितो आणि काम टाकून चालता होतो. मालकाच्या शेतावर आयुष्य काढणाऱ्या माणसानें हें गाणें किती शांतपणें म्हटलें आहे हें ज्यानें ऐकलें, त्यास त्या शांतपणामागें काय दडलें आहे हेंही कळल्यावांचून राहत नाहीं.

त्याची स्वतःची गीतरचनाही अशीच. लुई कॉलिन्स हें त्याचें एक गाणें आहे. आसपास घडलेल्या एका खुनाविषयीं लोक बोलत असत, तें कानांवर पडून त्यानें तें रचलें. त्यांत मारणारांचा आवेश नाहीं, बंदुकीचा धूर नाहीं. मेलेल्या मुलाची आई, काळीं वस्त्रें ल्यालेल्या बायका आणि दफनविधि एवढेंच आहे. आणि चाल ऐकावी तर अंगाईगीतासारखी गोड! खुनाची वार्ता इतक्या कोमल सुरांत सांगण्याचें धैर्य दुसऱ्या कोणा गवयानें क्वचितच केलें असेल.

येथें आमच्या कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या मनांत एक शंका येईल. नाचाच्या बैठकींतील हीं गाणीं भाविक लोकांस रुचत होतीं काय? रुचत नव्हतीं. दक्षिणेंतील पुष्कळ धर्मोपदेशक ब्लूज म्हणजे सैतानाचें संगीत असें उघड म्हणत, आणि त्यामुळें किती तरी गवयांचीं आयुष्यें दुभंगलीं. कोणी गाणें सोडून उपदेशक झाले, कोणी उपदेश सोडून पुन्हां गाण्याकडे वळले. हर्टच्या बाबतींत असला झगडा आढळत नाहीं. त्याच गिटारीवर, त्याच अंगठ्याच्या ठेक्यावर तो भजनेंही गाई. त्याच्या सहा जुन्या तबकड्यांपैकीं एक तर दोन्ही बाजूंनीं भजनांचीच आहे.

आतां त्या तबकड्यांची हकीकत. अ‍ॅव्हलॉनच्या आसपास विली नार्मर नांवाचा एक गोरा शेतकरी सारंगीसारखें फिडल हें वाद्य उत्तम वाजवी. त्याचा नेहमींचा गिटारवाला हजर नसला म्हणजे तो हर्टला सोबत घेई. शाळा, प्रार्थनामंदिरें, रेल्वेचे डबे, सर्व कांहीं गोऱ्यांचें वेगळें आणि काळ्यांचें वेगळें असा जेथें कायदा होता, तेथें नाचाच्या बैठकींत मात्र हे दोन शेजारी मांडीस मांडी लावून वाजवीत! १९२८ सालीं नार्मरनें फिडलची एक स्पर्धा जिंकली आणि ओके नांवाच्या तबकड्यांच्या कंपनीकडे गाणीं मुद्रित करण्याची संधि त्याला मिळाली. कंपनीचा अधिकारी टॉमी रॉकवेल यानें, आणखी कोणी चांगला वादक या बाजूस आहे काय, असें विचारतां नार्मरनें हर्टचें नांव सांगितलें. रॉकवेल त्याच्या घरीं आला, एक गाणें ऐकलें आणि त्याची निवड केली.

१४ फेब्रुवारी १९२८ रोजीं मेंफिस शहरांत हर्टनें आठ गाणीं मुद्रित केलीं. मोठें थोरलें दालन आणि त्यांत इनमीन तीन माणसें. ध्वनिग्राहकापासून तोंड जरासुद्धां हलवूं नये अशी ताकीद असल्यामुळें मान इतकी अवघडली कीं ती पुढें कित्येक दिवस दुखत होती, अशी आठवण तो म्हातारपणीं सांगत असे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावत असे. रात्रभर लांबविण्याचीं कथागीतें त्याला त्या मापांत बसवावीं लागलीं. आठांपैकीं दोनच गाणीं कंपनीनें प्रसिद्ध केलीं. तबकडी बरी खपली असावी, कारण वर्षअखेर रॉकवेलचें पत्र आलें: न्यूयॉर्कला या, पसंत पडलेल्या प्रत्येक गाण्यास वीस डॉलर आणि जाण्यायेण्याचा खर्च देऊं. जुन्या वळणाचीं गाणीं आणावीं असेंही त्यांत सुचविलेलें होतें. त्याच्या नांवामागें मिसिसिपी हा शब्दही कंपनीनेंच खप वाढावा म्हणून जोडला.

डिसेंबर महिन्यांत हा शेतकरी न्यूयॉर्कला जाऊन पोंचला. तेथें लॉनी जॉन्सन या त्या वेळच्या प्रख्यात ब्लूज-वादकाची त्याची गांठ पडली. २१ व २८ डिसेंबर या दोन दिवशीं गाणीं मुद्रित झालीं. त्या अफाट शहरांत, हिंवाळ्याच्या दिवसांत, त्याला घराची फार आठवण होऊं लागली आणि त्या भरांत त्यानें अ‍ॅव्हलॉन ब्लूज हें गाणें रचलें. अ‍ॅव्हलॉन हें माझें गांव, तें सदैव माझ्या मनांत आहे, अशा अर्थाचें तें साधें गाणें. घराकडे ओढ लागलेल्या माणसानें केलेल्या या गाण्याचा पुढें काय उपयोग होणार होता, याची त्या दिवशीं कोणास कल्पना असणार?

१९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. देशभर मंदी पसरली, आणि गरीब लोकांच्या खिशांत तबकडी घेण्यास पैसा उरला नाहीं. हर्टला पुन्हां बोलावणें आलें नाहीं. तो अ‍ॅव्हलॉनला होता तेथेंच राहिला. या पुढील तीन तपांविषयीं सांगण्यासारखें थोडेंच आहे. लोकांच्या शेतांत राबावें, लोकांचीं गुरें राखावीं, पत्नी जेसीसह संसार करावा, कधीं शेजाऱ्यांनीं आग्रह केला तर वाजवावें. कीर्ति दारापर्यंत येऊन परत गेली याबद्दल त्यानें कोणाजवळ कुरकूर केल्याचें ऐकिवांत नाहीं.

इकडे त्या तबकड्या मात्र आपल्या वाटेनें चालल्या होत्या. जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्यांपैकीं हॅरी स्मिथ नांवाच्या एका विक्षिप्त पण अत्यंत चोखंदळ गृहस्थानें १९५२ सालीं फोकवेज कंपनीतर्फें अमेरिकन लोकगीतांचा चौऱ्यांशीं मुद्रणांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यांत हर्टचीं दोन गाणीं होतीं. गायक गोरा कीं काळा हें स्मिथनें संग्रहांत कोठेंच सांगितलें नव्हतें. यांत एक मौज झाली. कंपन्यांनीं एकेकाळीं गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तबकड्यांच्या याद्यासुद्धां वेगळ्या ठेविल्या होत्या. आतां हर्टचें गाणें ऐकून पुष्कळांनीं तो डोंगराळ भागांतला कोणी गोरा शेतकरी असावा असें ठरवून टाकलें! शहरांतील तरुण त्याच्या बोटांची नक्कल करूं लागले. तो केव्हांच मरण पावला असेल असेंच बहुतेक समजत होते.

वॉशिंग्टन शहरीं रिचर्ड स्पॉट्सवुड आणि टॉम हॉस्किन्स हे असेच दोन तरुण संग्राहक होते. त्यांना अ‍ॅव्हलॉन ब्लूज हें गाणें ऐकावयास मिळालें. इतरांनीं त्यांतील गिटार ऐकली. यांनीं शब्दही ऐकले. गायक आपलें गांव सांगत आहे! त्यांनीं चालू नकाशे धुंडाळले, पण मिसिसिपींत त्या नांवाचें गांव सांपडेना. शेवटीं १८७८ सालच्या एका जुन्या नकाशापुस्तकांत ग्रीनवुड आणि ग्रेनाडा या दोन शहरांमधल्या वाटेवर अ‍ॅव्हलॉन हा ठिपका दिसला. १९६३ च्या आरंभीं हॉस्किन्स मोटार घेऊन निघाला. गांवच्या दुकानापाशीं थांबून त्यानें विचारलें कीं जॉन हर्ट नांवाचा कोणी गवई येथें पूर्वीं राहत होता काय. दुकानाशीं बसलेल्या माणसांनीं सहज सांगितलें: या रस्त्यानें पुढें जा, चढावर तिसरी टपालपेटी लागेल, तें त्याचें घर.

हर्टविषयीं लिहिणारे या प्रसंगास त्याचा पुनःशोध असें नांव देतात. आम्हांस हें नांव फारसें पसंत नाहीं. जो हरवलेला असतो त्याचा शोध लागतो. हर्ट हरवला होता असें अ‍ॅव्हलॉनमध्यें कोणासच ठाऊक नव्हतें. टपालवाल्याला त्याचें घर माहीत होतें, दुकानदाराला माहीत होतें, गुरांनासुद्धां माहीत होतें! ज्या कंपनीनें त्याला पत्र पाठवून न्यूयॉर्कला नेलें तिच्या दप्तरींही एकेकाळीं तो पत्ता असलाच पाहिजे. चौतीस वर्षांत कोणीं विचारलें नाहीं, इतकाच काय तो प्रकार.

हॉस्किन्सनें दार ठोठावलें तेव्हां म्हाताऱ्या हर्टच्या मनांत आनंद न होतां भीतीच उत्पन्न झाली. सरकारच्या गुप्त पोलिसखात्याचा कोणी माणूस आपणांस पकडावयास आला आहे असें त्यास वाटलें. हें वाचून हंसूं येईल, पण तो काळ ध्यानांत घ्यावा. त्याच वर्षीं शेजारच्या ग्रीनवुड शहरांत कृष्णवर्णीय नागरिक मतदारयादींत नांव घालण्यासाठीं झगडत होते, आणि मार्च महिन्यांत पोलिसांनीं त्यांच्यावर कुत्रे सोडले होते. जूनमध्यें याच संस्थानाच्या राजधानींत त्यांचा पुढारी मेडगर एव्हर्स याचा त्याच्या घराच्या दारांतच खून झाला. अशा प्रदेशांत उत्तरेकडून आलेला अनोळखी गोरा तरुण एका काळ्या म्हाताऱ्याचें नांव घेऊन दाराशीं उभा राहिला, तर त्यानें काय समजावें?

हाच तो गायक कीं काय याची खातरी करून घेण्यासाठीं हॉस्किन्सनें त्याला वाजविण्यास सांगितलें. पण वाजवावयाचें कशावर? घरांत गिटार नव्हती. पाहुण्यानें आपली पुढें केली. बोटें कामानें राठ झालीं होतीं, संवयही तुटली होती. पण अंगठा तारांवर पडूं लागला आणि शंका उरली नाहीं.

हर्ट पत्नीसह वॉशिंग्टनला गेला. जुलै १९६३ मध्यें तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयानें त्याचीं कित्येक गाणीं संग्रहासाठीं मुद्रित करून घेतलीं, आणि त्याच महिन्यांत न्यूपोर्ट या समुद्रकांठच्या शहरीं भरलेल्या लोकसंगीताच्या महोत्सवांत तो व्यासपीठावर येऊन बसला. डोक्यावर बसकी हॅट, अंगानें ठेंगणा, सुरकुतलेल्या चेहऱ्यावर संकोचाचें स्मित. समोर हजारों तरुण. त्याच्याहून मोठ्यानें गाणारे, झगमगणारे गवई तेथें पुष्कळ होते. परंतु या म्हाताऱ्यानें अ‍ॅव्हलॉनच्या ओसरीवर गावें तितक्याच हलक्या आवाजांत गाण्यास आरंभ केला आणि लोक ऐकूं लागले. पुढील वर्षीं स्किप जेम्स व सन हाउस या दोन जुन्या ब्लूज-गायकांचाही ठिकाणा लागला, त्यास हर्टच्या उदाहरणानेंच उत्तेजन मिळालें होतें.

यानंतरचीं तीन वर्षें म्हणजे एक अखंड प्रवास होता. विश्वविद्यालयें, कॉफीगृहें, न्यूयॉर्कचें कार्नेगी सभागृह, दूरचित्रवाणी. व्हॅनगार्ड कंपनीनें त्याच्या नव्या तबकड्या काढल्या. शिकावयास येणाऱ्या तरुणांस तो बोटें कशीं ठेवावीं हें मोकळेपणानें दाखवी. त्यांतील स्टेफन ग्रॉसमन यानें पुढें ही रीत पुस्तकांच्या द्वारें जगभर पोंचविली. टॉम पॅक्स्टन या गीतकारानें हर्टवरच एक गीत केलें, आणि एका प्रसिद्ध वाद्यवृंदानें तर आपलें नांवच त्याच्या गाण्यांतील शब्दांवरून घेतलें. त्याच्या सौजन्याविषयीं त्याला भेटलेल्या सर्वांचें एकमत आहे. आम्हांस मात्र हीं वर्णनें वाचतांना कधीं कधीं असें वाटतें कीं त्याचा गोड स्वभाव पाहून लोक थोडे निश्चिंत झाले. हा मनुष्य कधीं रागावला नाहीं, म्हणून रागावण्यासारखें कांहीं घडलेंच नाहीं असें कोणी मानूं नये. त्याच्या गाण्यांच्या हक्कांविषयीं तर त्याच्या मृत्यूनंतर न्यायालयांत खटले चालले.

शहरांत त्याचें मन फार काळ रमलें नाहीं. तो मिसिसिपींत परतला आणि अ‍ॅव्हलॉनपासून जवळच असलेल्या ग्रेनाडा येथें राहूं लागला. तेथेंच २ नोव्हेंबर १९६६ रोजीं हृदयविकारानें त्याचें देहावसान झालें. त्याची कबर अ‍ॅव्हलॉनच्या रानांत, झाडींत आहे. त्याच्या नातीनें त्याचें जुनें लहानसें घर राखून तेथें संग्रहालय केलें होतें. २०२४ च्या फेब्रुवारींत तें आगींत जळून गेलें.

१९२८ सालीं न्यूयॉर्कला मुद्रित झालेल्या गाण्यांपैकीं बहुतेक आज कोणासही ऐकतां येतात. मेंफिसच्या त्या आठांपैकीं कंपनीनें प्रसिद्ध न केलेलीं सहा मात्र गेलीं तीं गेलींच. त्यांतील कांहीं गाणीं हर्टनें म्हातारपणीं पुन्हां गायिलीं आहेत; परंतु मान न हलवितां, ऐन पस्तिशींतल्या आवाजांत त्यानें तीं त्या रिकाम्या दालनांत कशीं म्हटलीं होतीं, याचा पत्ता अद्याप कोणास लागलेला नाहीं.